वेबसाइट, कॉट बेसिसवर

रात्रीचे पावणेअकरा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून मी नुकतीच घरात शिरले होते, कुकरची दुसरी शिट्टी होत होती, आणि मोबाइलवर अनोळखी नंबर. लोनवाले निदान या वेळेला तरी छळत नाहीत, म्हणून उचलला.

‘‘मॅडम, पोराला कालिजातून काढलं म्हणायलेत. काय केलं वो त्यानं?’’

मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. कुणीतरी लहान मूल रडत होतं. मला दोन मिनिटं काही टोटलच लागेना. मी कुठल्या कॉलेजची मॅडम नाही. कोण पोरगा, कुठलं कॉलेज, कुणी काढलं? मग त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि माझी ट्यूब पेटली. बीड जिल्ह्यातला, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसणारा, कमी बोलणारा मुलगा. त्याला कुणी कुठूनही काढलं नव्हतं. तो बिचारा हॉस्टेलवर मोबाइल बंद ठेवून परीक्षेचा अभ्यास करत होता. काढलं होतं ते त्याच्या वेब पेजला! आणि त्या पेजला तिथे बसवणारी मी होते.

आता हे प्रकरण पहिल्यापासून सांगायला हवं.

दर शनिवारी संध्याकाळी चार ते सहा मी कर्वेनगरमधल्या एका हॉस्टेलच्या अभ्यासिकेत एचटीएमएल शिकवते. चौदा मुलं-मुली, सगळी फर्स्ट इयरची. कुणी बीडचं, कुणी नंदुरबारचं, दोघी गडचिरोलीच्या. नऊ कॉम्प्युटर्स, त्यातल्या दोघांचे माऊस रुसलेले. पैसे-बिैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही. आठवडाभर मीटिंग्ज केल्यावर दोन तास खरं काहीतरी करावं, एवढाच आपला स्वार्थ. मुलं मला ताई म्हणतात. (मॅडम म्हटलं की मला उगाच मस्टरवर सही करावीशी वाटते.)

फंडा एकदम सिंपल. ड्रॅग-ड्रॉप नाही, रेडिमेड टेम्प्लेट नाही, एआयकडून लिहून घेणं नाही. नोटपॅड उघडायचं आणि एकेक टॅग हाताने टाइप करायचा. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात कशाला हा उपद्व्याप? अहो, पोळ्या विकत मिळतात म्हणून कणीक मळायला शिकूच नये का? स्वतः लिहिलेल्या दहा ओळींतून ब्राउझरमध्ये हेडिंग उमटतं ना, तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात. जाम भारी वाटतं.

तर चार शनिवारांत चौदा पानं तयार झाली. एकाने गावातल्या कुस्तीच्या फडावर, एकीने मोहाच्या फुलांवर, दोघांनी अर्थातच क्रिकेटवर. बीडच्या मुलाने ‘आमचं घर’ असं साधं नाव दिलेलं पान केलं. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की घराला कुलूप, मग मार्च-एप्रिलपर्यंत नवरा-बायको दोघं मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल फेडायची, कारखान्याच्या फडाजवळ कोपी घालून राहायचं. डिसेंबरात हा दोन दिवस गावी जाऊन आला होता, तेव्हा बंद घराचे मोबाइलवर काढलेले पाच फोटो आणि खाली दोन-दोन ओळी. बास, एवढंच पान.

पाचव्या शनिवारी त्याने विचारलं, ‘‘ताई, हे अण्णांना कसं दाखवायचं?’’

आणि सगळी चौदा डोकी माझ्याकडे वळली.

फोल्डरमधून जगात

हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. पान त्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर, डी ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये. व्हॉट्सअॅपवर एचटीएमएलची फाइल पाठवून बघितली. फोटो वेगळ्या फाइल्समध्ये असतात, ते काही सोबत जात नाहीत. पलीकडे नुसते रिकामे चौकोन. म्हणजे पान कुठल्यातरी अशा मशीनवर ठेवायला हवं, जे चोवीस तास चालू असेल आणि मागेल त्याला ती फाइल देईल. यालाच होस्टिंग म्हणतात. जागा भाड्याने घेणं, दुसरं काही नाही.

गंमत बघा. ऑफिसात मी दर महिन्याला क्लाउडची जी बिलं अप्रूव्ह करते, त्यात वन बीएचके येईल. आणि इथे चौदा पानांना, सगळी मिळून एका गाण्याच्या फाइलपेक्षा लहान, त्यांना जागा मिळेना.

‘‘अगं, तूच घे ना एक प्लॅन,’’ टीममधला मित्र म्हणाला. ‘‘वर्षाला दोन-तीन हजार. एका पिझ्झा पार्टीत जातात.’’ पटण्यासारखं होतं. पण मग ती पानं कुणाच्या नावावर? माझ्या. माझं कार्ड एक्स्पायर झालं, मी बंगलोरला गेले, किंवा नुसता कंटाळा आला, की चौदाच्या चौदा पानं रस्त्यावर. पुण्यात ज्यांनी कॉट बेसिसवर दिवस काढलेत त्यांना हे बरोब्बर कळेल. रूम पार्टनरच्या नावावर अॅग्रीमेंट असलं की तो सोडून गेला त्या महिन्यात आपणही बॅग भरायची. मला मुलांच्या नावावर जागा हवी होती. मुलांकडे क्रेडिट कार्ड नाही. म्हणून फुकट. हौस म्हणून नव्हे.

आणि या बाबतीत मी एकदा सॉलिड आपटलेली आहे.

२००३ साली, थर्ड इयरला असताना, माझी स्वतःची वेबसाइट होती. येस! सदाशिव पेठेतल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून बनवलेली. विषय : सह्याद्रीतले ट्रेक. तोरणा, राजमाची, हरिश्चंद्रगड, असे बावीस गड. कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्यालायक, शेवटची एसटी किती वाजता, गावात चहा कुणाकडे. काळ्या बॅकग्राउंडवर पिवळी अक्षरं, वर हलणारी मशाल, खाली व्हिजिटर काउंटर. (तो काउंटर बराचसा मीच रिफ्रेश मारून वाढवलेला. सगळेच मारायचे.) मराठी दिसायला हवी तर आधी फॉन्ट डाउनलोड करा, अशी पाटीही होती. अमेरिकेतल्या एका अनोळखी मराठी काकांचं ई-मेल आलं होतं, की तुझं राजमाचीचं पान वाचून तीस वर्षांनी कोंदिवड्याची वाट आठवली. मी तो मेल प्रिंट काढून हॉस्टेलच्या कपाटाला चिकटवला होता.

चूक एकच केली. सगळा मजकूर मी त्या फुकट होस्टच्या साइटवर, त्यांच्याच एडिटरमध्ये, थेट टाइप करायचे. फ्लॉपीवर कॉपी नाही, काही नाही. नोकरी लागली, लग्न झालं, साइट विसरले. काही वर्षांनी आठवण झाली तेव्हा ती जागाच नव्हती. होस्टने नोटीस पाठवली असणार, पण ती माझ्या कॉलेजच्या ई-मेलवर, आणि तो पासवर्ड कुणाला आठवतोय! इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधलं तर फक्त पहिलं पान मिळालं, मशालीच्या जागी तुटलेल्या फोटोचं चिन्ह घेऊन. बावीस गड गेले. कुठल्या टाक्यातलं पाणी चांगलं हे मला आता आठवत नाही.

माझ्या एकटीचीच ही रड नाही. त्या काळातली सगळ्यात मोठी फुकट वसाहत म्हणजे जिओसिटीज. १९९४ ला सुरू झालेली. त्यात चक्क मोहल्ले होते. सिनेमावाल्यांनी हॉलिवूडमध्ये राहायचं, कॉम्प्युटरवाल्यांनी सिलिकॉन व्हॅलीत, उडत्या तबकड्यांच्या भक्तांनी एरिया ५१ मध्ये. १९९९ मध्ये याहूने ती अब्जावधी डॉलर्सच्या शेअर्समध्ये विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ ला वसाहत पाडली. अर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी दिवसरात्र बसून जमेल तेवढी पानं वाचवली. जपानमधली जिओसिटीज त्यानंतरही चालू होती, ती मार्च २०१९ अखेर बंद पडली.

आणि हे काही जुन्या जमान्यातच घडलं असं नाही. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून पान दाखवता यायचं, ती सोय २०१६ मध्ये गेली. विद्यार्थ्यांमध्ये प्रचंड पॉप्युलर असलेलं झिरोझिरोझिरो वेबहोस्ट २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. ग्लिच नावाची गोड साइट होती, शिक्षकांची लाडकी. तिने जुलै २०२५ मध्ये होस्टिंग थांबवलं. तेव्हा ‘आजन्म फुकट’ असं लिहिलेलं दिसलं की विचारायचं, कुणाचा जन्म?

अकाउंट सस्पेंडेड

एवढं सगळं माहीत असूनही मी माती खाल्लीच.

घाईत एक फुकट होस्ट निवडला. नाव सांगत नाही, त्यांच्या बाजूनेही थोडं म्हणता येईल. भरपूर जागा, डेटाबेस, पीएचपी, असलं सगळं फुकट. आमच्या साध्या पानांना यातलं काहीही लागत नव्हतं. पण बुफेत गेल्यावर माणूस ताट भरून घेतो ना, तसं झालं. शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेच्या एकाच वायफायवरून वीस मिनिटांत आम्ही चौदा अकाउंट्स उघडली. टाळ्या, सेल्फी, वडापाव. प्रत्येकाने घरी लिंक पाठवली.

सोमवारी सगळी अकाउंट्स सस्पेंड.

का? नीट विचार केला तर उत्तर सोपं आहे. फुकट होस्टिंगचा गिऱ्हाईक नुसता विद्यार्थी नसतो, भामटाही असतो. बँकेच्या लॉगिनसारखं दिसणारं खोटं पान तासाभरासाठी चढवायला त्याला अशीच जागा हवी असते, आणि पीएचपी चालत असेल तर फारच उत्तम. त्यामुळे होस्टवाले यंत्राकडून पहारा ठेवतात. एकाच इंटरनेट पत्त्यावरून, वीस मिनिटांत, नव्या नव्या ई-मेलने चौदा अकाउंट्स? यंत्राच्या लेखी ती मुलं नव्हेतच, ती टोळी. आम्ही अपील केलं. उत्तरही यंत्राचंच आलं.

तिकडे फडावर काय झालं असेल? दिवसभर ऊस तोडून, रात्री गाडी भरून, अण्णांनी पोराची लिंक उघडली. घर दिसायच्या ऐवजी पांढऱ्या पानावर मोठ्या लाल अक्षरांत इंग्रजी. त्यांनी फोन मुकादमाच्या पुतण्याला दाखवला. तो बारावी झालेला. त्याने वाचलं, ‘अकाउंट सस्पेंडेड’. सस्पेंड म्हणजे काढून टाकणं. कुणाला? लिंक पोराची, म्हणजे पोराला. कोपीत रडारड. पोराचा फोन बंद. हॉस्टेलने पालकांना दिलेल्या कागदावर माझा नंबर होता.

मी त्यांना समजावलं. पोरगा ठीक आहे, कॉलेज ठीक आहे, फक्त जागा गेली. ‘‘जागा म्हंजी?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘अहो, त्याने घराचं एक चित्र टांगलं होतं, भिंतवाल्याने ते उतरवलं.’’ थोडा वेळ शांत. मग म्हणाले, ‘‘भिंतवाल्याला न इचारता टांगलं का?’’

कुकर जळला होता.

मग नेमकं बघायचं काय?

त्या रात्रीनंतर मी होस्टिंगची खरेदी करायची पद्धतच बदलली. आधी मी बघायचे, जागा किती मिळते. आता जागेचं कुणाला काय पडलंय? आमचं सगळ्यात जाडं पान दोन एमबीचं. आता मी चार गोष्टी विचारते. एक, माझी फाइल जशीच्या तशी देणार ना? काही फुकट होस्ट तुमच्या पानात स्वतःच्या जाहिराती घुसवतात. आजीच्या फोटोवर रमीची अॅड, नको रे बाबा. दोन, क्रेडिट कार्ड मागता का? मागत असतील तर मुलांसाठी बाद. तीन, साधी एचटीएमएल, सीएसएस आणि फोटो यापलीकडे काही चालत नाही ना? हो, चालत ‘नाही’ ना! कारण जिथे नुसत्या फाइल्स ठेवायच्या असतात तिथे होस्टचा खर्च अगदी कमी. ती फुकट सेवा टिकायची शक्यता जास्त, आणि भामट्यांना खेळायला मैदान कमी. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उद्या निघायचं म्हटलं तर सामान उचलून निघता येईल ना?

या चाळणीतून जे उरलं त्यात माझं आवडतं निओसिटीज. २०१३ मध्ये काईल ड्रेक या प्रोग्रॅमरने सुरू केलं, नाव अर्थातच त्या जुन्या वसाहतीवरून. फुकटात एक जीबी जागा, जाहिराती नाहीत, कार्ड नाही. ब्राउझरमध्ये फाइल्स ओढून टाकल्या की पान जगात. फुकट खात्यात गाणी आणि व्हिडिओच्या फाइल्स चढवता येत नाहीत, ते आमच्या पथ्यावरच पडलं. तिथली इतरांची पानं बघणं ही वेगळी मजा आहे. काळी बॅकग्राउंड, हलणारे तारे, व्हिजिटर काउंटर! माझ्या मुलांच्या वयाची पोरं हे हौसेने करतायत आणि मी मात्र ‘आमच्या वेळी’ म्हणत डोळे पुसतेय.

दुसरं म्हणजे गिटहब पेजेस. २००८ पासून आहे, कंपनी आता मायक्रोसॉफ्टची. ज्यांना पुढे सॉफ्टवेअरमध्येच नोकरी करायचीय त्यांनी हेच धरावं, कारण इंटरव्ह्यूला ती लिंक दाखवता येते. साइटला एक जीबीची मर्यादा, महिन्याला साधारण शंभर जीबी ट्रॅफिकपर्यंत कुणी हटकत नाही. आमच्या पोरांना ते या जन्मात लागायचं नाही. रिपॉझिटरी, कमिट हे शब्द ऐकून पहिल्या दिवशी गळाठायला होतं खरं, पण गिट शिकायची गरज नाही. ब्राउझरमधूनच फाइल्स चढवता येतात. फक्त रिपॉझिटरीचं नाव तुमचं युजरनेम, डॉट, गिटहब, डॉट, आयओ असंच ठेवायचं. आणि चढवल्यावर पान दिसायला दहा मिनिटं लागू शकतात. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या दहा मिनिटांत सगळं तीनदा डिलीट करून परत चढवलं होतं. धीर धरा, चहा घ्या. आणखी एक, फुकट खात्यात फाइल्स सगळ्यांना दिसतात, तेव्हा तिथे डायरी लिहू नका.

नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस हेही आहेत. पूर्ण फोल्डर ओढून टाकला की काम झालं, स्पीड झकास. नेटलिफायवर अकाउंट न उघडताही पान चढतं, पण ते थोड्याच वेळात उडतं, डेमोपुरतं ठीक. माझं मत विचाराल तर या दोन्ही जागा मोठ्या कंपन्यांसाठी बांधलेल्या. आपण तिथे मॉलच्या कॉरिडॉरमध्ये झोपल्यासारखं वाटतं. कुणी उठवत नाही, पण डॅशबोर्डवरची निम्मी बटणं काय करतात ते मुलांना कळत नाही.

या वेळी घाई केली नाही. प्रत्येकाने आपापल्या मोबाइल डेटावरून, वेगवेगळ्या दिवशी, स्वतःच्या ई-मेलने खातं उघडलं. पासवर्ड वहीत लिहिला. हो, कागदाच्या वहीत. सिक्युरिटीवाले मित्र ओरडतील, ओरडू देत. कॉलेजचा ई-मेल वापरायचा नाही हा माझा खास नियम, कारण कॉलेज संपलं की तोही जातो. का, ते आता तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि बीडच्या मुलाला पूर्ण पान हलवायला किती वेळ लागला? अकरा मिनिटं. सगळा फोल्डर पेन ड्राइव्हवर होता. जुन्या होस्टने दार बंद केलं तरी त्याचं काही आत अडकलं नव्हतं.

पण फोटो दिसेना!

तुम्ही स्वतः, किंवा घरातलं कुणी कॉलेजातलं पोरगं, हा प्रयोग करणार असाल तर पुढचं नीट वाचा. इथे आमचे दोन शनिवार गेले.

विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरात फरक पडत नाही. होस्टचं मशीन बहुतेक वेळा लिनक्सवर चालतं, त्याला पडतो. तुम्ही पानात ‘घर डॉट जेपीजी’ स्मॉलमध्ये लिहिलंत आणि मोबाइलने फाइलला कॅपिटलमध्ये ‘जेपीजी’ नाव दिलं असेल, तर कॉम्प्युटरवर फोटो दिसतो आणि इंटरनेटवर गायब. चौदापैकी नऊ जणांचा हाच घोळ. फाइल्सची नावं सरळ स्मॉल इंग्रजीत ठेवा, मध्ये स्पेस नको, मराठी नाव तर नकोच. पहिल्या पानाचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’च हवं. नोटपॅड गुपचूप त्याला शेपटीला ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, तिकडे लक्ष ठेवा. दोघींच्या फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत होता, म्हणजे फोटो फक्त त्यांच्याच कॉम्प्युटरवर दिसणार. मोहाच्या फुलांवरच्या पानावर मराठीऐवजी किडेमकोडे उमटले, कारण वरती यूटीएफ-८ सांगणारी मेटा टॅगची ओळ राहिली होती. ती ओळ आम्ही आता फळ्यावर कायमची लिहून ठेवलीय. व्ह्यूपोर्टची ओळही, नाहीतर मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी.

आणि फोटोंचं वजन. बीडच्या मुलाचे पाच फोटो मिळून वीस एमबी. अभ्यासिकेतल्या वायफायवर चालून गेलं असतं. ‘‘अण्णांकडे रेंज कशी असते?’’ मी विचारलं. ‘‘गाडीच्या उसावर चढलं की येते, ताई.’’ मग आम्ही एकेक फोटो आठशे पिक्सेल रुंद केला. वीस एमबीचे झाले साधारण चारशे केबी. ऑफिसात वेबसाइट एक सेकंद लवकर उघडावी म्हणून आम्ही प्रेझेंटेशन्स करतो, पण इतक्या मनापासून मी कधी फोटो बारीक केले नव्हते.

घराचा पत्ता, मोबाइल नंबर, लहान भावंडांचे फोटो टाकायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. पान जगाला दिसतं, आणि जगात त्या बँकेवाल्या भामट्याचाही नंबर लागतो.

एक गोष्ट मात्र फुकटात सुटत नाही, ती म्हणजे पत्ता. जागा बदलली की लिंक बदलते, आणि जुनी लिंक घेतलेला माणूस बंद दारासमोर उभा. उपाय आहे. स्वतःचं डोमेन नाव घ्यायचं, डॉट इन वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. गिटहब पेजेसला ते फुकटात जोडता येतं, निओसिटीजवर त्यासाठी पैसे भरून सभासद व्हावं लागतं. पोस्टाचा पत्ता आपला, खोली कुणाचीही. पहिली नोकरी लागली की पहिल्या पगारात बुटांच्या आधी हे घ्या, असं मी वर्गात सांगितलं. कुणी ऐकेल असं वाटत नाही.

मीही डोमेन घेतलं, हे इथे कबूल करते. बावीस गडांपैकी तीन परत लिहिलेत. गेल्या पावसाळ्यात राजमाचीला पुन्हा जाऊन आले, टाक्यांच्या नोंदी वहीत घेतल्या, घरी येऊन नोटपॅडमध्ये टाइप केल्या. फोल्डर लॅपटॉपवर, दुसरा पेन ड्राइव्हवर, तिसरा बहिणीकडे डोंबिवलीला. ती म्हणते, वेड लागलंय हिला.

बीडच्या मुलाने नवी लिंक पाठवली ती शनिवारी, वर्ग चालू असतानाच. या वेळी सोबत मराठीत स्वच्छ मेसेज : अण्णा, लाल अक्षरं आली तर घाबरू नका, मला फोन करा. तासभर काही नाही. सहा वाजता कॉम्प्युटर्स बंद करताना त्याचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला.

‘‘दिसलं का, अण्णा?’’

‘‘दिसलं की. तुझी आई बगायली. समदं दिसलं.’’ आवाज तुटत होता, बहुतेक उसावर चढले होते. ‘‘त्ये तिसऱ्या फोटूत पत्र्यावरचा दगड सरकलाय बग. वाऱ्यानं उचलंल पत्रा. चुलत्याला आजच सांग.’’